टीबीच्या घरात ताट वेगळं नको, भरलेलं हवं

नोव्हेंबर २०२४ पासून टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १,००० रुपये मिळू लागले. निक्षय पोषण योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा ही रक्कम ५०० रुपये होती. त्याच सुमारास आणखी एक बदल झाला आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. ‘निक्षय मित्र’ म्हणून जे लोक रुग्णांना धान्य-डाळीचं किट देतात, त्यांनी ते रुग्णाच्या घरच्यांनाही द्यावं, असं ठरलं.

किटवाटपाचे फोटो वर्तमानपत्रात येतात, तेव्हा पुष्कळांच्या मनात एक रास्त प्रश्न येतो. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, ती पुरेशी जालीमही आहेत. मग डाळ-तांदूळ कशासाठी? आणि रुग्णाला एकवेळ समजू शकतो, पण धडधाकट घरच्यांना का?

त्यामागे संशोधन आहे, आणि तेही आपल्याच देशात झालेलं. ते समजायला टीबीचा जंतू अंगात गेल्यावर काय होतं, इथून सुरुवात करावी लागेल.

ताटवाटी वेगळी करायची रीत

घरात कुणाला टीबी झाला की पहिलं काम काय होतं? ताट, वाटी, भांडं वेगळं. पुष्कळ घरांत आजही हेच होतं. सून असेल तर माहेरी धाडतात. म्हातारं माणूस असेल तर पडवीतली खाट.

टीबी ताटवाटीतून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. बंद, कोंदट खोलीत ते जास्त वेळ टिकतात. म्हणून खिडकी उघडणं, खोकताना तोंडावर रुमाल धरणं आणि औषध लवकर सुरू करणं, यांनी घर वाचतं. वेगळ्या ताटाने फक्त माणूस एकटा पडतो. आणि एकट्या पडलेल्या माणसाच्या ताटात बहुधा कमीच वाढलं जातं.

जंतू अंगात असणं वेगळं, आजार होणं वेगळं

पटकन पटत नाही अशी गोष्ट आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात टीबीच्या संसर्गाची खूण सापडली. म्हणजे दर तिघांत जवळपास एक. हे सगळे लोक आजारी नाहीत. त्यांना खोकला नाही, ताप नाही, ते कुणाला टीबी देतही नाहीत. संसर्ग झालेल्या शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो.

मग कोणते पाच-दहा? एकाच घरात, एकाच खोलीत झोपणाऱ्या चौघांपैकी एकालाच टीबी का होतो? सगळं संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरतं.

वेढा आणि रसद

आपल्याला गडकिल्ल्यांच्या लढाया ठाऊक आहेत, म्हणून तोच दाखला घेतो. शत्रू एखाद्या गढीत शिरून बसला. त्याला मारून काढणं जमत नाही, म्हणून सैन्य गढीला वेढा घालतं. आतला बाहेर पडू शकत नाही, त्याची वाढ खुंटते. असा वेढा वर्षानुवर्षं चालू शकतो, पण एका अटीवर. बाहेर बसलेल्या सैन्याला रोज रसद पोचली पाहिजे.

फुप्फुसात नेमकं हेच घडतं. आत आलेल्या टीबीच्या जंतूंना आपल्या संरक्षक पेशी गिळतात. पण हा जंतू चिवट, गिळल्यावरही मरत नाही. मग आणखी पेशी गोळा होतात आणि त्याच्याभोवती बारीक गाठ बांधतात. डॉक्टर तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. हा आपला वेढा. तो टिकवायला पेशी सतत एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात, जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. नव्या पेशी आणि हे निरोप बनवायला प्रथिनं लागतात, ऊर्जा लागते, जस्त आणि जीवनसत्त्वं लागतात.

जेवण कमी पडलं की शरीर काटकसर करतं. हृदय आणि मेंदू यांचा वाटा आधी, बाकीच्यांचा नंतर. प्रतिकारपेशी घडवणारी छातीतली थायमस नावाची ग्रंथी कुपोषणात आक्रसते. पहारेकरी कमी होतात, उरलेले थकतात, वेढा ढिला पडतो आणि वर्षानुवर्षं कोंडलेला शत्रू बाहेर येतो.

माणूस किती खंगला आहे ते मोजण्याचं सोपं माप म्हणजे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन. ते १८.५ च्या खाली गेलं की माणूस कुपोषित धरतात. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब सांगतो की बीएमआय एका अंकाने घसरला की टीबीचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. सव्वापाच फूट उंचीच्या माणसात हा एक अंक म्हणजे जेमतेम अडीच किलो.

हे आजीला माहीत होतं, मग विज्ञान विसरलं कसं?

क्षयाच्या माणसाला दूध-अंडी द्या, हवापालट करा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. औषध नव्हतं तेव्हा दुसरं हातात काही नव्हतंच. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी टीबीचा जंतू जगापुढे मांडला. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, याच आजाराने गेल्या. जंतू सापडून पाच वर्षं झाली होती. पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून अर्धशतकाहून जास्त काळ होता. आनंदीबाईंचा हा शेवट वाचताना दरवेळी गलबलून येतं.

त्या काळात सॅनिटोरियमं, म्हणजे टीबीच्या रुग्णांची खास रुग्णालयं, उभी राहिली. मिरजेचं आपल्याकडे पुष्कळांना ऐकून माहीत असेल. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती आणि भरपूर खाणं, एवढाच उपचार. इंग्लंडमधल्या टीबीच्या मृत्यूंचा आलेख तर औषध येण्याच्या कितीतरी दशकं आधीपासून उतरत होता. त्याचं श्रेय नेमकं कशाला किती, यावर वाद आहेत. पण लोकांचं खाणं-राहणं सुधारलं हे त्यातलं एक मोठं कारण होतं, असं मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत.

मग १९५९ मध्ये मद्रासहून एक निष्कर्ष आला आणि त्याने जग बदललं. १९३ रुग्ण घेतले. साधारण अर्ध्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, बाकीच्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवून तीच औषधं वर्षभर दिली. घरी राहिलेल्या रुग्णांचं जेवण निकृष्ट होतं, विश्रांती कमी होती. तरीही बरं होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. घरी राहिल्याने कुटुंबीयांना जास्त लागण झाली, असंही दिसलं नाही.

हा फार मोलाचा अभ्यास होता. त्याच्यामुळे लाखो गरिबांना घरी राहून उपचार मिळाले. पण त्यातून सरधोपट निष्कर्ष निघाला: औषध असलं की आहाराला महत्त्व नाही. अभ्यासाने विचारलेला प्रश्न एवढाच होता की औषध चालू असलेला रुग्ण घरी बरा होतो का. आहार सुधारला तर घरातल्या बाकीच्यांना टीबी होणं टळेल का, हे त्यात कुणी विचारलंच नव्हतं. ते विचारायला साठ वर्षं गेली.

झारखंडमध्ये काय केलं

डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने २०१९ मध्ये झारखंडच्या चार जिल्ह्यांत हे काम हाती घेतलं. डॉ. अनुराग त्याआधी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी इथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेत काम करत होते. तिथल्या टीबीच्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी मांडल्या तेव्हा निम्म्या पुरुषांचं वजन जेमतेम ४२ किलो किंवा त्याहून कमी होतं, आणि निम्म्या बायकांचं ३४ किलो किंवा त्याहून कमी. चौतीस किलो म्हणजे आपल्याकडच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीचं वजन.

झारखंडच्या अभ्यासात २,८०० रुग्ण होते आणि त्यांच्या घरातले १०,३४५ जण. यातले बरेचसे संथाल, हो, मुंडा, उरांव अशा आदिवासी समाजांतले. रुग्णाला सगळीकडेच शिधा दिला: महिन्याला १० किलो, सहा महिने, आणि औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर वर्षभर. फरक घरच्यांच्या बाबतीत केला. टीबी कार्यक्रमाची २८ क्षेत्रं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एका गटात घरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, मुलांना त्याच्या निम्मं. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना नेहमीचीच सेवा.

घरं वाटण्याऐवजी आख्खी क्षेत्रं का वाटली? एकाच पाड्यावर एका घरी पोतं उतरवायचं आणि शेजारच्या घरी नाही, हे माणुसकीला धरून नाही, आणि शिधा वाटूनही खाल्ला जाणार. चिठ्ठीने वाटण्याचं कारण असं की डॉक्टरांनी मनाने निवडलं तर जास्त गरीब घरं एका बाजूला पडू शकतात, आणि मग फरक शिध्याचा की गरिबीचा हे कळत नाही.

या शिध्याचा रोजचा हिशेब केला तर सुमारे १६५ ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम डाळ होते. ७५० कॅलरी, २३ ग्रॅम प्रथिनं. आपल्या भाषेत, घरात जे काही शिजतं त्यावर रोज एक भरपेट वरणभात. प्रयोगात घरच्यांना एवढंच जास्त मिळालं.

३९ टक्के म्हणजे किती?

ऑगस्ट २०२३ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्या घरांना शिधा मिळाला तिथे टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाचा, तपासणीत जंतू सापडलेला, म्हणजे इतरांना लागू शकणारा टीबी ४८ टक्क्यांनी कमी झाला.

याचा अर्थ शंभरातल्या ३९ जणांना टीबी झाला नाही, असा नाही. शिधा नसताना जिथे १०० जण आजारी पडले असते, तिथे ६१ पडले. टीबी झालेल्याच्या घरातही दोन-तीन वर्षांत बहुतेक माणसं धडच राहतात, त्यामुळे एक नवा रुग्ण टाळायला साधारण ३० घरांना शिधा द्यावा लागतो. हा आकडा कुणाला मोठा वाटेल. पण तो एक रुग्ण टळला की त्याच्यापासून पुढे होणारी लागणही टळते. आणि त्या तीस घरांतली बाकीची माणसंही सहा महिने पोटभर जेवलेली असतात, ते वाया गेलं असं कोण म्हणेल?

नेमकेपणाबद्दलही सांगायला हवं. अशा अभ्यासात मिळालेला आकडा हा अंदाज असतो आणि त्याला दोन्हीकडे वाव असतो. इथे खरी घट १५ टक्क्यांपासून ५७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे ‘निम्म्याने टीबी गेला’ असं छातीठोकपणे सांगू नये, पण ‘काहीच झालं नाही’ असं म्हणायलाही जागा नाही.

मग रुग्णाला स्वतःला काय फायदा?

या रुग्णांपैकी दर पाचातले चार उपचार सुरू करताना कुपोषित होते. अंगात काम करण्याची ताकद असलेले शंभरात फक्त तीन. उपचार संपताना कामावर जाऊ शकणारे शंभरात सुमारे पंचाहत्तर झाले. मजुरीवर चालणाऱ्या घरात याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

सगळ्यांत महत्त्वाचा धागा वजनाचा आहे. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात टीबीने मृत्यू येण्याचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसात ५ टक्के म्हणजे दोन किलो.

इथे एक शंका निघते आणि ती बरोबर आहे. शिधा तर सगळ्याच रुग्णांना मिळाला होता, तुलनेला बिनशिध्याचा गट नव्हता. मग वजन वाढलं म्हणून माणूस वाचला, की आजार मुळात सौम्य होता म्हणून वजनही वाढलं आणि तो वाचलाही? या अभ्यासातून याचा पक्का निवाडा होत नाही. घरच्यांबद्दलचा निष्कर्ष जितका भक्कम आहे, तितका हा नाही. पण इतक्या खंगलेल्या माणसांना तुलनेसाठी उपाशी ठेवायचं नाही, हा निर्णय मला योग्यच वाटतो.

आणि निवाडा झाला नाही तरी उपयोग राहतोच. वजनकाटा प्रत्येक उपकेंद्रात असतो. दोन महिन्यांनी वजन जागचं हललं नसेल, तर त्या रुग्णाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, एवढं आशाताईला आणि घरच्यांनाही कळतं. औषधाच्या तारखेला गेलात तर वजन करून घ्या आणि मागचा आकडा विचारा.

‘आमच्या घरात खायला कमी नाही, तरी टीबी झाला’

हे खरं आहे. कुपोषण हे एकमेव कारण नाही. मधुमेह असलेल्याला टीबीचा धोका दोन ते तीन पट असतो. वेढ्याच्या भाषेत सांगायचं तर रसद भरपूर आहे, पण रक्तातल्या वाढलेल्या साखरेमुळे पहारेकरीच सुस्तावले आहेत. एचआयव्ही, दारू, तंबाखूचा धूर, काही सांधेदुखीची औषधं यांनीही वेढा ढिला होतो.

म्हणून टीबी निघाला की साखर तपासतात, आणि ती तपासून घ्यावीच. अशा रुग्णाला वरणभाताचा डोंगर वाढून चालणार नाही, त्याला साखर आटोक्यात ठेवणारा आहार हवा. शिवाय टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधाने मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. त्यामुळे दोन्ही आजारांच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत असायला हवीत.

‘मग महागडी प्रोटीन पावडर आणू का?’

झारखंडमधल्या घरच्यांना तांदूळ, डाळ आणि साध्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या, डबाबंद पावडर नव्हे. डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध, सुकट, जे परवडेल आणि पचेल ते. ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणून अंडी-मासे बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. टीबीत ते बंद करायचं काही कारण नाही.

फक्त एक सावधगिरी. माणूस अगदी हाडांचा सापळा झाला असेल, उठून बसताही येत नसेल, तर त्याला एकदम भरभरून खाऊ घालू नये. दीर्घ उपासमारीनंतर अचानक जास्त अन्न मिळालं की रक्तातले क्षार झपाट्याने घसरतात आणि जिवावर बेतू शकतं. असा रुग्ण दवाखान्यात भरती करून हळूहळू खायला द्यावा लागतो.

आणि आहार कितीही चांगला असला तरी औषधांचा कोर्स पूर्ण करायचाच. घरच्यांना डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या दिल्या असतील तर त्याही घ्यायच्या. वेढा घालणारं सैन्य धष्टपुष्ट असावं, पण गढीवर तोफा डागायला औषधच लागतं.

पैसे दिले की झालं, पोतं कशाला?

खात्यात हजार रुपये जमा होणं सोपं आहे. त्यात गळती कमी आणि माणसाला हवं ते घेता येतं. हा मुद्दा मी हलका मानत नाही. पण कमावता माणूस अंथरुणाला खिळलेल्या घरात हजार रुपयांना शंभर वाटा असतात. वाण्याची उधारी, पोराची फी, तपासणीला जायचं गाडीभाडं. त्यात डाळीचा नंबर कितवा लागेल?

त्याहून अवघड गोष्ट मला वेगळीच वाटते. समजा टीबी आईला झाला आहे आणि दहा किलोचं किट फक्त तिच्या नावाने आलं. त्यातली डाळ ती एकटी खाईल? चार वर्षांचं पोर समोर बसलेलं असताना? ती आधी पोराला देणार, मग नवऱ्याला, आणि उरलं तर स्वतः घेणार. तिला कितीही बजावलं तरी. आईच्या ताटातलं आईने खावं असं वाटत असेल, तर त्याच दिवशी पोराच्या नावाचं, सासूच्या नावाचं आणि नवऱ्याच्या नावाचं धान्यही त्या घरात उतरायला हवं.